डोंगराचं वर्ष हाच आपला पुरावा

(२५ सप्टेंबर रोजी पनवेल येथे झालेल्या वाड्यांच्या बैठकीत आमच्या वाडीच्या पोरापोरींनी केलेले भाषण. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. ज्याला वाचता येते त्याने वाडीत बसून सगळ्यांना वाचून दाखवावे.)



आज २५ सप्टेंबर. १९३० साली याच तारखेला इथून जवळच, उरण तालुक्यात चिरनेरला, आक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यात जी माणसं पडली त्यांच्यात नाग्या महादू कातकरी हा आपला माणूस होता. त्याला ऐंशीहून जास्त वर्षं झाली. जंगल कुणाचं, हा सवाल तेव्हा होता, आजही तोच आहे. फरक एवढाच की आज कायद्यात आपलं नाव लिहिलेलं आहे. २००६ सालचा वनहक्क कायदा झाला, १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. आता नियमात बसवून आपलं म्हणणं मांडायचं काम आपलं आहे. आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत, पण बोलणार आहोत डोंगराबद्दल.

आम्ही म्हणजे प्रबळगड आणि माथेरानच्या मधल्या उतारावरच्या एका वाडीतली सात पोरंपोरी. कुणी दहावी, कुणी बारावी, दोघं जण सातवीतून शाळा सोडलेले. गेल्या वर्षी दाव्यांची बैठक झाली. तिथे एका साहेबांनी विचारलं, "हे जंगल तुम्ही वापरता याला पुरावा काय?" सगळे गप्प. कुणी दंडाची जुनी पावती काढली, कुणी रेशनकार्ड. तेवढ्यात आमच्या वाडीतला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "साहेब, कारवी किती वेळा फुलली ते आम्हाला विचारा. कागद उंदरांनी खाल्ले, कारवी कुणी खाल्ली न्हाई." सगळे हसले. साहेब हसले, आम्हीपण हसलो.

नंतर आम्ही नियमांचं पुस्तक आणून वाचलं, आणि हसल्याची लाज वाटली. पुराव्यांच्या नियमात, म्हणजे नियम १३ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की दावा करणाऱ्याला सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेलं लिहून काढलं तर तो पुरावा आहे. सामूहिक हक्कासाठी आणखी काय काय धरतात? गुरं चारायची जागा, कंदमुळं आणि रानफळं गोळा करायची जागा, मासे धरायची जागा, माणसांच्या आणि गुरांच्या पाण्याची जागा, औषधाची झाडं, देवाची झाडं, देवराया, मसणवटी. एका दाव्याला एकाहून जास्त पुरावे जोडायचे. म्हणजे म्हाताऱ्याने जे सांगितलं तेच नियमात होतं. फक्त ते लिहिलेलं नव्हतं.

म्हणून आम्ही एक वही घेतली. गेल्या वर्षीच्या मृगापासून या वर्षीच्या मृगापर्यंत डोंगरात कधी काय होतं, कुठे होतं, कोण आणतं, हे म्हाताऱ्या माणसांबरोबर फिरून लिहिलं. त्यातलं थोडं आज सांगतो. तुम्हाला यात नवीन काही वाटणार नाही. पण घरातली ही माहिती दाव्याला कशी लागते ते बघा.

जेठ महिन्यात, पाऊस यायच्या आधी, काजवे येतात. ऐनाच्या झाडावर एकदम पेटतात, एकदम विझतात. पावशा ओरडायला लागतो. मग पहिला पाऊस. तेव्हा जमीन फोडून शेवळं वर येतात. बाया डोंगरात जातात, शेवळं काढतात, खाज मारायला काकडाची फळं आणतात आणि पनवेलच्या बाजारात वाटे लावून बसतात. त्याच पावसात ओढ्याला वळगण चढते, मासे उलट्या धारेने वर येतात. रात्री चूड घेऊन मुठे धरायला जातात. आमच्या आज्यांचा नियम होता की पोटाखाली पिल्लं असलेली मुठी सोडून द्यायची. वहीत आम्ही लिहिलं: शेवळं कोणत्या उतारावर, काकडाची झाडं कुठे, वळगण कोणत्या ओढ्याला. नियमाच्या भाषेत हे "कंदमुळं गोळा करायची जागा" आणि "मासे धरायची जागा" झालं.

आखाडात धुकं इतकं उतरतं की प्रबळ आठ आठ दिवस दिसत नाही. नाचणी-वरीची लावणी चालू असते. पहाटे ओढ्याच्या कपारीत निळं पाखरू माणसासारखी शीळ घालतं. शाळेच्या पुस्तकात त्याला शीळकरी कस्तूर म्हणतात. घरात दाणे संपलेले असतात, तेव्हा डोंगर खायला घालतो. कुळू, लोथ, भारंगी, टाकळा, कंटोळी आणि बांबूचे वास्ते. आम्ही मोजलं तर एका पावसाळ्यात आमच्या वाडीने चोवीस प्रकारच्या भाज्या रानातून आणल्या. त्यातली एकही पेरलेली नाही. आखाडात वाडी उपाशी मरत नाही, त्याचं कारण रेशन दुकान नाही, हा डोंगर आहे. हे दाव्यात लिहायला नको का?

सरावण-भादव्यात ऊन-पाऊस. तेरडा फुलतो, त्याची गौर होते. कळलावीला आपण गौरीचे हात म्हणतो, ती वर चढलेली असते. कातळावर सोनकी पिवळी होते. आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते. सगळा उतार निळा-जांभळा होतो, मधमाश्या वेड्या होतात, पोळी भरतात. फुलून झालं, बी धरलं की कारवी वाळते. मग तिच्या काठ्या आणून आपण घराचे कूड घालतो, शेणाने लिंपतो.

आता म्हाताऱ्याचा हिशेब ऐका. तो म्हणाला, "वरचा तुकडा माझ्या बापाने आणि मी फोडला, तेव्हा कारवी फुललेली होती. त्यानंतर दोनदा फुलली." म्हणजे कमीत कमी चौदा वर्षं झाली. कायदा म्हणतो, आदिवासीने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसलेली पाहिजे. असे कारवीचे फेरे मोजून ती तारीख गाठता येते. आम्ही त्याच्या शेजारच्या दुसऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं बसवून विचारलं. एक बाई म्हणाली, "त्या कारवीला मी या वाडीत सून म्हणून आले." हिशेब जुळला. त्या दोघांचं म्हणणं लिहून काढलं आणि त्यावर अंगठे घेतले. हा वडीलधाऱ्यांचा जबाब झाला. तुकड्यावरचे बांध आणि जुनी खोपी हा दुसरा पुरावा झाला. ज्या घरात कागद नाही त्यांनी घाबरू नये. आपल्याकडे साल नसेल, पण साल सांगणारी कारवी आहे.

आश्विनात वरी, नाचणी पिकते. रात्री माळ्यावर बसून रानडुकरं हाकायची. कार्तिकाच्या तोंडाशी वाघबारस. वाघदेवाला नैवेद्य दाखवतो. वाघ आता या डोंगरात राहिला नाही. धोदाणीकडे वाघाची वाडी आहे, तिथे नावात राहिला. बिबट्या आहे, भेकर आहे, साळींदर आहे. वाघदेवाचा दगड कुठे आहे, कोणत्या वाड्या तिथे येतात, हे आम्ही नकाशात दाखवलं. देवाची जागासुद्धा पुरावा आहे.

आणि मग दिवाळी झाली की अर्धी वाडी रिकामी. कुणी वीटभट्टीला, कुणी कोळशाच्या भट्टीला. उचल घेतलेली असते, जावंच लागतं. आमच्या वहीत पुसापासून माघापर्यंतची पानं सगळ्यात कमी भरली आहेत. कारण आमच्यातलेच तिघं भट्टीवर होते. जे मागे राहिले त्यांनी लिहिलं: थंडीत धोबी पक्षी येतात, ओढ्याच्या दगडावर शेपटी हलवतात. धुकं नसल्यामुळे चंदेरीपासून कर्नाळ्याच्या सुळक्यापर्यंत सगळं दिसतं. मग पांगारा, काटेसावर, पळस असे एकामागून एक फुलतात, पानं नसलेल्या झाडांवर नुसता लाल रंग. त्या फुलांतला रस प्यायला मैना, कोतवाल, वानरं, सगळे येतात.

शिमग्याच्या सुमाराला मोह गळायला लागतो. पहाटे पाटी घेऊन झाडाखाली जायचं. इथे आम्हाला एक कडू गोष्ट सांगायची आहे. राग मानू नका. मोह वेचायला सोपा जावा म्हणून आपल्यातले काही जण झाडाखालचा पाला पेटवून देतात. तो वणवा वर चढतो. गेल्या साली आमच्याच उतारावर आग लागली आणि शेकरूचं घरटं असलेलं झाड होरपळलं. सगळे वणवे आपण लावत नाही. सिगारेट टाकणारे येतात, चूल पेटवून जाणारे सहलवालेही येतात. पण आपण लावलेला वणवा आपण कबूल केला पाहिजे. तीच गोष्ट डोहात विषारी औषध टाकून मासे मारण्याची. आणि तीच खवल्या मांजराची. बाहेरचा दलाल येतो, खवल्यांचे पैसे दाखवतो, आपला पोरगा फसतो, तुरुंगात आपला पोरगा जातो, दलाल सुटतो. १९७२ सालापासून वन्यजीवांच्या शिकारीविरुद्ध कायदा आहे. वनहक्क कायद्यानेही शिकारीचा हक्क दिलेला नाही, हे नीट समजून घ्या.

हे का सांगतो? वनहक्क कायद्याचं कलम ५ वाचा. ग्रामसभेला जंगल, वन्यजीव, पाण्याच्या जागा राखायचा अधिकार दिला आहे, आणि ती जबाबदारीही आहे. हक्क मागायचा आणि राखण दुसऱ्याने करायची, असं चालणार नाही. आमच्या वाडीने या शिमग्याच्या आधी ठराव केला. मोहाखालची जागा झाडायची, पेटवायची नाही. दोन उतारांच्या मध्ये पाला बाजूला ओढून आम्हीच जाळरेषा काढली. या वर्षी आमच्या बाजूला वणवा आला नाही. हा ठरावही आम्ही दाव्याला जोडणार आहोत.

चैत-वैशाखात डोंगर तापतो. करवंदं, जांभळं, तोरणं, आळू, रायवळ आंबे. धोदाणीकडून बाया पाट्या डोक्यावर घेऊन माथेरान चढतात, द्रोणात करवंदं विकतात. याच दिवसांत धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत बसते, तोंड लिंपून घेते, नुसती चोच जाईल एवढी फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून भरवतो. नर मेला तर आत बसलेली मादी आणि पिल्लंही मरू शकतात. म्हणून आमचे म्हातारे म्हणायचे, धनेशाला दगड मारू नये, एका दगडात घर मरतं. धनेशाला ढोली असलेलं जुनं झाड लागतं. शेकरूला फांदीला फांदी लागलेली झाडं लागतात, ते जमिनीवर फारसं उतरत नाही. मधला एक पट्टा तोडला की त्याचा रस्ता तुटतो. हे आम्हाला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही. वर बघत चालल्यामुळे कळलं.

पाण्याचं बोलू. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून निघते. देहरंगच्या धरणात तिचं पाणी अडवून पनवेल शहराला देतात. ज्या डोंगराचं पाणी शहर पितं, त्या डोंगरातल्या बाया वैशाखात डवऱ्यातून वाटीवाटीने हंडा भरतात. आम्ही शहराला पाणी देऊ नका असं म्हणत नाही. आम्ही म्हणतो, डवरा कुठे आहे, ओढा कुठे आटतो, कोणती राई तोडल्यावर तो आटला, हे ज्यांना माहीत आहे त्यांना विचारल्याशिवाय डोंगराचा निर्णय करू नका. २००५ सालच्या २६ जुलैचा पाऊस तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. त्या पावसात आपल्या जिल्ह्यातच, महाड तालुक्यात जुई, दासगाव इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. डोंगर कसा धरून असतो आणि कुठे सुटतो, हा उतारावर राहणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. आणि आपल्या तालुक्यात आज डोंगर कोण फोडतंय? खदानी कुणाच्या? फार्महाऊसची कुंपणं कुणाची? शेवळं काढणाऱ्या बाईची नाहीत.

तरी जंगलाचा नाश आदिवासी करतात असं छापून येतं. आणखी एक गंमत बघा. पुस्तकात लिहिलंय की १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब पायथ्याच्या चौक गावाकडून चढले आणि त्यांनी माथेरान शोधलं. पण माथेरान हे नाव इंग्रजी आहे का? माथ्यावरचं रान. साहेब चढायच्या आधीच कुणीतरी त्याला हाक मारत होतं. नाव आपल्या भाषेतलं आणि शोध साहेबांचा! कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य १९६८ साली झालं. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं त्याच्या आधीपासून ती पाखरं ओळखतात. अभयारण्यातलं जंगलही वनहक्क कायद्याच्या बाहेर नाही, हे त्या बाजूच्या वाड्यांनी लक्षात ठेवावं. "तुमच्याकडे दावा होत नाही" असं कुणी तोंडी सांगितलं तर म्हणावं, लिहून द्या.

आता आमच्या वाडीतच झालेलं एक भांडण सांगतो. एक दादा म्हणाले, "माझा दीड एकराचा दावा टाकला, मला बास. सामूहिक दाव्यातून माझ्या नावावर काय येणार?" सवाल खोटा नाही. दळीच्या जमिनीसाठी आपल्या बापजाद्यांनी चपला झिजवल्या, नावावर तुकडा हवा असं कुणालाही वाटणारच. वैयक्तिक दावा केलाच पाहिजे, चार हेक्टरपर्यंत कायदा देतो. पण दादांच्या बायकोनेच त्यांना उत्तर दिलं. ती म्हणाली, "तुमच्या दीड एकरात नाचणी चार महिन्यांची. बाकीचे आठ महिने मी कुठून आणते? मोह तुमच्या तुकड्यात आहे का? डवरा आहे का? वाघदेव आहे का?" दादा गप्प बसले. आता ते वनहक्क समितीत आहेत आणि नकाशाची दोरी धरायला सगळ्यात पुढे असतात.

आम्हाला जे सांगायचं होतं ते त्या वहिनीने आमच्याआधी सांगितलं. नावावरचा तुकडा म्हणजे आपल्या वर्षाचा एक भाग. बारा महिन्यांचं जगणं सगळ्या डोंगरावर आहे. तुकड्याचा दावा टाकून थांबलो, तर ग्रामसभा राखू शकली असती तो डोंगर कागदावर दुसऱ्याचाच राहील, आणि तोही आपण स्वतःच्या सहीने सोडलेला असेल.

म्हणून प्रत्येक वाडीने चार कामं करावीत.

एक. वही घाला. महिन्याप्रमाणे लिहा: काय मिळतं, कोणत्या जागी, त्या जागेचं आपल्या तोंडातलं नाव काय. बायांना आधी विचारा, त्यांना जास्त माहीत असतं. वैदूला विचारा, गुराख्याला विचारा.

दोन. म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ता लिहून घ्या. आमची वही अर्धी असताना एक आजी गेली. देवराईची जुनी हद्द तिला एकटीलाच पुरी माहीत होती. ते पान कोरं राहिलं.

तीन. शेजारच्या वाडीबरोबर बसून हद्दी ठरवा. धनगरांची गुरं ज्या वाटेने जातात ती वाट सोडून रेघ मारू नका. आपसात भांडलो तर दावा पडेल.

चार, आणि हे घाईचं आहे. ग्रामसभा दिवाळीच्या आधी घ्या. नियम सांगतो की या ग्रामसभेला निदान निम्मे लोक हजर पाहिजेत. दिवाळीनंतर निम्मी माणसं आणणार कुठून? ती भट्टीवर असतील. मग कोरम नाही म्हणून सभा पुढे, पुढे म्हणजे पुढच्या पावसाळ्यात. वाघबारशीला थोडेच आठवडे उरले आहेत. आमच्या वाडीने ठरवलं आहे की नाचणीची कापणी एक दिवस थांबली तरी चालेल, सभा आधी. ठराव लिहायचा, हजेरी घ्यायची, दावा दिला की पोच घ्यायची. पोचेशिवाय कागद हातातून सोडायचा नाही.

शेवटचं. दाव्यांचा निकाल लागेपर्यंत कुणालाही जागेवरून उठवता येत नाही, हे कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. गेल्या पावसाळ्यात जंगलातून येताना आमच्यातल्या एका पोरीची भाजीची पाटी आणि कोयता एकाने काढून घेतला. ती रडत घरी आली. या वर्षी त्याच वाटेवर तिला पुन्हा अडवलं, तेव्हा तिने वही काढून दाखवली आणि म्हणाली, "ही भाजी, ही जागा, हा महिना. आमच्या दाव्यात लिहिलंय. तुमचं नाव सांगा, तेपण लिहिते." त्याने वाट सोडली. दर वेळी एवढ्यावर भागेल असं आम्ही म्हणत नाही. पण ती रडत आली नाही, एवढं खरं.

ती वही आज इथे आणली आहे. बैठक संपल्यावर बघा, हाताळा, चुका दाखवा. आणि आपापल्या वाडीची सुरू करा. वही थोड्या पैशांत मिळते.

नाग्या कातकरी जिंदाबाद! जंगल-जमिनीचा हक्क मिळालाच पाहिजे!